दिलेली मुलगी

टीव्हीच्या पडद्यावर ‘त्याग’ हा शब्द आला आणि शुभ्रावहिनींनी चष्म्यावरून सुचित्राकडे पाहिलं. नुसतं पाहिलं असतं तर एक वेळ चाललं असतं, पण त्या पाहून थांबल्या; दिवाणखान्यातल्या बाकीच्या बायकांनाही माना वळवायला सवड मिळावी इतक्या थांबल्या. कुंदाताईंनी तर हातातली बशी खाली ठेवली आणि ओठ मुडपून, डोळ्यांत होती नव्हती तेवढी माया आणून सुचित्राकडे बघत मान हलवली. तोवर सुचित्रा अगदी मजेत होती. समोर चाललेला प्रकार घरी गेल्यावर कसा सांगायचा याची वाक्यं ती मनात जुळवत होती आणि ती छान जुळत होती. आता एकाएकी तिच्या लक्षात आलं, की ज्या तमाशाला आपण प्रेक्षक म्हणून बसलो होतो, त्यात आपल्याला पहिल्यापासून काम दिलेलं होतं.

ही त्यांची पुस्तकभिशी. महिन्यातून एकदा, चिठ्ठी जिच्या नावाची निघेल तिच्या घरी जमायचं, तिने एका पुस्तकावर बोलायचं आणि बाकीच्यांनी खाताखाता ऐकायचं. बहुतेकींचं लक्ष खाण्याकडेच असतं, आणि ते योग्यच आहे असं सुचित्राचं मत होतं. या वेळची चिठ्ठी शुभ्रावहिनींची, म्हणजे तिच्या थोरल्या जावेची. त्यामुळे भिशी दुबई मरीनात, अठ्ठेचाळिसाव्या मजल्यावर, जिथे प्रत्येक नवी पाहुणी आधी काचेच्या भिंतीपाशी जाऊन खालच्या होड्या बघत ‘वॉव’ म्हणते आणि मगच चपला काढायचं तिला आठवतं. वहिनींनी किमोनो घातला होता, पाठीवर भलामोठा करकोचा असलेला. खायला सुशी होती, भात आंबेमोहोराचा; आणि ज्यांची संकष्टी होती त्यांच्यासाठी वेगळी, वरीच्या तांदळाची. सुचित्राने त्यातली एक तोंडात टाकली आणि गणपतीची व जपानची एकदमच क्षमा मागून टाकली. हे वाक्य इराला आवडेल, असं तिला वाटलं. इरा तेव्हा खाली पोहायला गेली होती. तेरा वर्षांची सुचित्राची ही एकुलती एक मुलगी. भिशी मरीनात असली की तीही हटकून बरोबर यायची.

पुस्तक हजार वर्षांपूर्वीचं होतं. जपानच्या राजदरबारातल्या एका बाईने लिहिलेली कादंबरी, काही लोक जगातली पहिलीच म्हणतात अशी, उशाला घेऊन झोपता येईल एवढी जाड. वहिनींनी तिचा सारांश तेवढा वाचला होता, हे सुचित्राला लगेच कळलं, कारण तिने स्वतः ती अख्खी वाचली होती. आवडीने नव्हे, वहिनी कुठेकुठे चुकतात ते कळावं म्हणून. शारजातून, अल नहदाहून दुबईच्या ऑफिसला जाताना बस हद्दीवरच्या जॅममध्ये अडकते, तिथे रोज थोडा थोडा करत तिने मोबाइलवर तो सगळा दरबार संपवला होता. तिला तो मुळीच आवडला नव्हता. एक देखणा राजपुत्र. कुठल्याही पडद्याखालून नुसती बाहीची किनार दिसली तरी याचं प्रेम जडतं. मग हा रंगीत कागदावर कविता लिहितो, फुलांच्या फांदीला बांधून पाठवतो आणि दुसऱ्या दिवशी रडतो. सगळेच रडतात. मंत्री रडतात, दासी रडतात, घोडे तेवढे राहिले. दहा वर्षांची पोर आवडली म्हणून उचलून आणतो, हवी तशी बायको घडवायची म्हणून तिला घरात वाढवतो, आणि या माणसाला कुणी जोडा काढून मारत नाही. उलट त्याच्या कपड्यांना येणाऱ्या सुगंधावर पानंच्या पानं. वहिनींच्या पडद्यावर मात्र चेरीची फुलं गळत होती, बासरी वाजत होती आणि वर ‘थीम्स अँड सिग्निफिकन्स’ असं सोनेरी अक्षरांत होतं. “क्षणभंगुरतेतलं सौंदर्य,” वहिनी मऊ आवाजात म्हणाल्या होत्या, “जे टिकत नाही त्याच्यावरच खरं प्रेम करायचं.” हे त्या बाईने सांगावं, जिने नव्या सोफ्यावरचं प्लास्टिक दोन वर्षं काढलं नव्हतं.

आणि मग हा ‘त्याग’ आला. राजपुत्र दूर समुद्रकाठी हद्दपारीत असताना तिथल्या एका आडवळणाच्या घरातल्या मुलीशी त्याचा संबंध येतो, तिला मुलगी होते. पुढे तो राजधानीत परततो, पुन्हा मोठा होतो. महालातल्या त्याच्या लाडक्या पत्नीला मूलबाळ नाही. मग तो या दुसरीला सांगतो, पोर इकडे दे. तिच्या हाताखाली वाढली तर उद्या राणी होईल, तुझ्याजवळ राहिली तर तुझ्यासारखीच राहील. आणि ती देते. बर्फाच्या दिवसांत तीन वर्षांच्या पोरीला गाडीत बसवते. वहिनी हे सांगत होत्या तेव्हा त्यांचा आवाज कापला, आणि कापला की कापवला हे सुचित्राला ठरवता येईना. “ती रडत नाही हं,” वहिनी म्हणाल्या, “म्हणजे रडते, पण अडवत नाही. मुलीचं भलं कशात आहे ते तिला कळतं. मला वाटतं, या कादंबरीचा सगळा अर्थ या एका आईत आहे.” आणि चष्म्यावरून ते बघणं.

लेकी बोले सुने लागे. सासरच्या या घराण्यात कुणी कधी कुणाला सरळ काही विचारल्याचं सुचित्राला आठवत नव्हतं. तिचं लग्नसुद्धा ‘अमक्यांच्या मुलीचं बघायला हवं’ असं दुसऱ्याच कुणाचं तरी नाव घेऊन ठरलं होतं. गेलं वर्षभर हेच चाललं होतं. नवरा, सुजीत, जेवताना आमटीकडे बघून म्हणायचा, “दादा म्हणत होता, मरीनाजवळची ती नवी शाळा एकदम टॉप आहे.” दादा म्हणजे शैलेंद्र, त्याचा थोरला भाऊ, त्यानेच नोकरी लावून यांना इथे आणलं, त्यामुळे दादा म्हणाला की सुजीतच्या तोंडून ते वेदवाक्य होऊन बाहेर पडायचं. “मग?” असं सुचित्राने विचारलं की, “काही नाही, म्हणत होता आपला.” वहिनी म्हणायच्या, शारजात शुक्रवारपासूनच सुट्टी, चारच दिवस शाळा, मग शिकवतात तरी कधी बाई? वहिनींनी गेस्टरूमला फिका जांभळा रंग दिला, अभ्यासाचं टेबल आणलं, ‘उगाच, कुणी आलं-गेलं तर’. फिका जांभळा कुणाला आवडतो ते सगळ्यांना माहीत होतं. सुचित्रानेही हे सगळं न कळल्यासारखं करायचं पक्कं केलं होतं. कळत नाही म्हणणाऱ्याला दुनियेत कुणी हात लावू शकत नाही, सरकारी कारकुनांचा कारभार त्यावरच तर चालतो. आणि आता बघा, एवढ्या हिंमतवान बाईला आपल्या धाकट्या जावेकडे तिची मुलगी मागायला हजार वर्षांपूर्वीच्या जपानी बाईची गाडी जोडावी लागली होती. सुचित्राला वहिनींची इतकी कीव आली, की ती कीव नसून राग आहे हे कळायला तिला थोडा वेळ लागला.

खरं म्हणजे ते प्रकरण तिने बसमध्ये वाचलं तेव्हा ती तिरस्कार करायचं विसरली होती. ती लहानगी आईची बाही धरते आणि तूही गाडीत ये म्हणते. एवढंच. सुचित्राने मोबाइल मांडीवर पालथा ठेवला होता आणि शेजारच्या लेनमधल्या पाण्याच्या टँकरकडे बघत राहिली होती. ती स्वतः दहा वर्षांची असताना बार्शीहून पुण्याला आत्याकडे आली, शिकायला. दिली, असं कुणी म्हणालं नाही, ‘ठेवली’ म्हणाले. आत्याचं घर चांगलं होतं. खायला-प्यायला कमी नव्हतं, कुणी हात उगारला नाही. पण त्या घरात एक खेळ चालायचा. पाहुणा जिना उतरला की दार लावून त्याची टर उडवायची. त्याचं जेवणं, त्याचं बोलणं, त्याच्या बायकोचं लुगडं. आत्येभाऊ त्यात तरबेज होते. सुचित्रा कोपऱ्यात बसून ऐकायची आणि घाबरायची, की आपण खोलीतून गेलो की आपलंही हे होत असेल. मग एकदा आई आली. शेंगाचटणीचा डबा पुढे करत म्हणाली, “काय करायलीस गं बाय? वाळलीस की.” आई गेली, दार लागलं, आणि सगळे काही बोलायच्या आधी सुचित्रानेच तोंड उघडलं: काय करायलीस गं बाय. हुबेहूब. आत्या हसून हसून खाटेवर आडवी झाली. त्या दिवसापासून सुचित्राला कुणाची भीती वाटली नाही, त्या दिवशी ती त्या घरातली झाली. ठेवलेल्या मुलीला घरात राहण्याची काय किंमत द्यावी लागते ते या दिवाणखान्यात तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि इराला ती द्यावी लागणार नाही एवढं तिने केव्हाच ठरवून टाकलं होतं.

“कुणाला काही बोलायचंय?” वहिनींनी विचारलं.

“काय बोलणार हो,” कुंदाताई नाक पुसत म्हणाल्या, “आईचं काळीज! धन्य ती माउली.” कुंदाताई मागच्या महिन्यात एका पाककृतीच्या पुस्तकावरही असंच म्हणाल्या होत्या.

“बट शेवटी ती एम्प्रेस होते ना?” अफशाने विचारलं. ही रत्नागिरीची, बँकेतली, भिशीत एकटीच मुद्द्याचं विचारणारी. “मग वर्थ इट होतं, नाही का?”

“होते ना! एम्प्रेस होते!” वहिनी खुलल्या.

“वहिनी,” सुचित्रा म्हणाली. आवाज तिला हवा तसा, अगदी घरगुती लागला. “त्या पोरीची पुढे आईशी भेट कधी होते?”

वहिनी पडद्याकडे बघू लागल्या. पुढच्या चित्रात फक्त चंद्र होता. “होते की. होते पुढे.”

“किती वर्षं मध्ये जातात हो? ती आई राहते थोड्याच अंतरावर, पण पोरीचं तोंड बघायला मिळत नाही. पोर वाढते, आणि एक दिवस तिला कळतं की आपण कुठल्या कोपऱ्यात जन्मलो. त्यावर पण स्लाइड आहे का? मला विचाराल तर त्या बाईने मुलगी द्यायला नको होती. नसती झाली राणी. जगात सगळ्या काय राण्याच असतात?”

आता सगळ्यांना कळत होतं की कुणी जपानबद्दल बोलत नाहीये, आणि म्हणूनच जी ती जपानची काळजी लागल्यासारखा चेहरा करून बसली होती.

“ती स्वतःचा विचार करत नाही ना, सुचित्रा,” वहिनी सावकाश म्हणाल्या. “मुलीचा करते.”

“आणि जी घेते ती? ती कुणाचा करते?”

वहिनींनी चष्मा काढला. “तिला मूल नव्हतं,” त्या म्हणाल्या. हे वाक्य कुठल्या सारांशातलं नव्हतं, त्यात बासरी नव्हती.

इथे थांबायला हवं होतं, हे सुचित्राला कळलं. पण वाक्य जिभेवर आलं होतं, आणि चांगलं वाक्य आलं की ते गिळणं तिला कधी जमलं नव्हतं. “हो ना,” ती म्हणाली. “पण दुसऱ्याचं मूल हे काही त्याच्यावरचं औषध नाही.”

वहिनी उठल्या, टीव्ही बंद केला, किमोनोची सुटलेली कंबरपट्टी दोनदा बांधायचा प्रयत्न केला आणि शेवटी तशीच हातात धरून म्हणाल्या, “खलास. चला, चहा घेऊ या सगळ्यांनी.” सुचित्राला जिंकल्यासारखं वाटलं. वर्षभराचं ओझं उतरल्यासारखं तिला हलकं हलकं वाटलं, आणि तिने निवांतपणे मान वळवली तर आतल्या दारात इरा उभी होती. केस ओले, खांद्यावर टॉवेल. तिने किती ऐकलं ते विचारायची गरज नव्हती.

परतताना संध्याकाळ झाली होती आणि सुजीतची गाडी चालवत, शेख झायेद रोड सोडेपर्यंत सुचित्रा एकसारखी बोलत होती. ती गप्प राहिली असती तर मघाचं वाक्य तिला पुन्हा ऐकू आलं असतं. तिने थट्टेला करकोचा घेतला, वरीची सुशी घेतली, गणपतीची आणि जपानची क्षमा मागण्याचं वाक्य घेतलं. कुंदाताईंचं ‘धन्य ती माउली’ नाकातून काढलं, तेही इतकं बेमालूम, की इतर वेळी इरा सीटवर लोळली असती आणि मग तिने आणखी सरस कुंदाताई करून दाखवल्या असत्या. या बाबतीत पोर आईच्या वर होती. सुचित्राला त्याचा अभिमान होता. आज इरा खिडकीबाहेर बघत होती. सुचित्राने वहिनींचा मऊ आवाज काढला: “क्षणभंगुरतेतलं सौंदर्य...”

“स्टॉप इट, आई.”

“अगं, गंमत.”

“दॅट वॉज मीन. व्हॉट यू सेड टू काकू.”

“ते पुस्तकाबद्दल चाललं होतं,” सुचित्रा म्हणाली. “तू ते वाचलेलं नाहीस.”

“इट वॉज अबाउट मी,” इरा म्हणाली. “एव्हरीबडी न्यू. आय ॲम नॉट स्टुपिड.”

पुढे शारजाच्या हद्दीकडे लाल दिव्यांची रांग लागली होती. सुचित्राने गाडी बसच्या मागे उभी केली.

“काकू आस्क्ड मी,” इरा म्हणाली. “उन्हाळ्याच्या सुट्टीआधी. जस्ट लाइक दॅट. शाळेच्या दिवसांत इथे राहायला आवडेल का, आणि नाही म्हणालीस तरी चालेल.”

सुचित्रा दचकली. घराण्याच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडलं होतं, आणि घडवलं कुणी, तर ज्या बाईला सोफ्यावरचं प्लास्टिक काढायची हिंमत नव्हती तिने. आपल्या पाठीमागे हे विचारलं म्हणून रागवावं असं तिला वाटलं, पण राग नीट पेटेना. “मग? काय म्हणालीस तू?”

“आय सेड, आई विचारेल तेव्हा सांगीन.” इराने ओल्या केसांची गाठ सोडली आणि परत घातली. “बट यू नेव्हर आस्क्ड.”

नव्हतंच विचारलं. मघाशी सगळ्यांसमोर त्या जपानी पोरीची वकिली केली, पण गेल्या वर्षभरात या पोरीला एका शब्दाने विचारलं नव्हतं. सुचित्राने स्वतःला सांगून ठेवलं होतं, की लहान मुलांना यात ओढू नये, की तिला काय कळतंय. ते खोटं होतं. तिला भीती वाटत होती. भिशीतल्या सगळ्या बायकांना, जावेला, नवऱ्याला, जपानच्या राजपुत्राला तुच्छ लेखायला काही लागत नाही. पण या एका पोरीचं उत्तर काय येईल ते तिला ऐकायचंच नव्हतं. पुढची बस हातभर सरकली. मागच्याने हॉर्न वाजवला. सुचित्रा तोंड उघडून वाक्य शोधत होती आणि येतील ती सगळी वाक्यं आडून येत होती: मैत्रिणी सुटतील ना गं, बाबांना करमेल का, काकूच्या हातचं जेवण तुला... तिने एकेक बाजूला सारलं. त्यासाठी तिला फार कष्ट पडले.

“इरा,” ती म्हणाली, “तुला काकूकडे राहायचंय?”

“यस.”

“घर मोठं आहे म्हणून? पूल आहे म्हणून?”

“नो, आई.” इरा थट्टा करत नव्हती, आठवून आठवून, एखादा अवघड विषय समजावावा तसं बोलत होती. “आपल्याकडे कुणी येऊन गेलं की वी डू देम, त्यांची नक्कल. दार बंद झालं की. मी पण करते, आय ॲम गुड ॲट इट. काकूकडे लोक गेले की काकू म्हणते, किती छान होते ना ते. दॅट्स ऑल. इट्स सो बोअरिंग.” तिचा आवाज ओला झाला. “आय लाइक इट देअर. मला तिथे झोप लागते.”

सुचित्राच्या डोळ्यांसमोरचे लाल दिवे एकमेकांत मिसळले. तिला दुखत होतं, सरळ सरळ, छातीत, आणि त्याला लावायला तिच्याकडे एकही वाक्य नव्हतं. तिने डोळे पुसले नाहीत. सवयीने एक टोमणा घशाशी आला, ‘काकूचं व्याख्यान ऐकून कुणालाही झोप लागेल’. तसा बराच बरा होता. ती तो धरून बसली, आणि तो हळूहळू निघून गेला. मग तिने स्टिअरिंगवरचं बटण दाबून वहिनींना फोन लावला. आवाज साऱ्या गाडीत घुमू लागला.

“हां, बोल सुचित्रा,” वहिनी म्हणाल्या. आवाज बसलेला होता. मागे कपबशा विसळल्याचा आवाज येत होता, तोही थांबला.

“वहिनी, मघाशी मी बोलले ते वाईट बोलले.”

“असू दे.”

“असू दे नाही. वाईट होतं ते.” सुचित्राने श्वास घेतला. “इराला तुमच्याकडे राहायचंय. मी आत्ता विचारलं तिला. ती हो म्हणाली.”

इरा पुढे वाकली.

“आणि तुला?” वहिनींनी विचारलं. “तुला चालणार आहे का, सुचित्रा?”

असं तिला कधीच कुणी विचारलं नव्हतं, बार्शीत नाही, पुण्यात नाही, इथे तर नाहीच. ती रडू लागली, आणि ते लपवावं असंही तिला वाटलं नाही.

“नाही,” ती म्हणाली. “मला नाही चालणार, वहिनी. पण पाठवते.”